हवेतला हायड्रोजन येईल तेव्हा येईल, जेटीवरची जागा आज सांभाळा



गेले आठ-दहा दिवस आपल्या ग्रूपवर एकच व्हिडिओ फिरतोय. छपरावर पॅनल लावलं, त्यावर ऊन पडलं आणि पॅनलने हवेतला दमटपणा ओढून हायड्रोजन गॅस तयार केला. ना पाण्याची पाइप, ना विजेचं कनेक्शन. खाली कुणीतरी लिहून टाकलंय, "डिझेल संपलं, आता होडी हवेवर चालणार!" बंदीचे दिवस आहेत, होड्या वर ओढलेल्या, हातात वेळ आहे. फॉरवर्ड करायला काय लागतं? पण आता दोघा सभासदांना फोनसुद्धा आले. "किनारपट्टीसाठी खास योजना आहे, आधी बुकिंगचे पैसे भरा, नाव पहिलं लागेल." तेव्हा सचिव म्हणून यावर चार शब्द लिहिणं भाग आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हे तंत्र खरं आहे, पण आज बुकिंग करण्यासारखं त्यात काही नाही. आणि आपल्यासाठी यातला खरा प्रश्न हवेचाही नाही आणि पाण्याचाही नाही, तो जागेचा आहे. कसा, ते हिशेबानेच बघू.

हे काय आहे?

पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाण्यातून वीज सोडली की दोन्ही वेगळे होतात, हे शाळेत शिकवतात. हायड्रोजन जाळला किंवा फ्युएल सेलमध्ये घातला की त्याचं परत पाणी होतं आणि ताकद मिळते. धूर नाही, काजळी नाही.

बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठात योहान मार्टेन्स नावाच्या प्राध्यापकांच्या गटाने 2019 साली असं पॅनल दाखवलं. दिसायला आपल्या सोलर पॅनलसारखं, आकार सुमारे 1.6 चौरस मीटर, म्हणजे एका दरवाजाएवढं. वर ऊन घेतं, आतून हवा खेळते, त्या हवेतलं बाष्प पकडून त्याचा हायड्रोजन करतं. वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला 250 लिटर गॅस. पडलेल्या उन्हाच्या साधारण 15 टक्के ताकद गॅसमध्ये उतरते. या कामासाठी हा आकडा चांगलाच म्हणायचा.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक यंत्र दाखवलं. स्पंजसारख्या थरात सल्फ्युरिक ॲसिड भरलेलं. हे ॲसिड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि उन्हाच्या विजेवर त्याचा हायड्रोजन होतो. हवेत फक्त 4 टक्के आर्द्रता असली तरी ते चाललं. म्हणजे वाळवंटातसुद्धा चालेल. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल संस्थेत केव्हिन सिव्हुला यांचा गट आरपार दिसणाऱ्या सच्छिद्र पत्र्यासारख्या इलेक्ट्रोडवर काम करतोय. ऊनही त्यानेच घ्यायचं आणि पाणीही त्यानेच, झाडाच्या पानासारखं. ते मात्र अजून प्रयोगशाळेतलंच काम आहे, गॅस अगदी थोडा निघतो.

तेव्हा जे म्हणतात की सगळी थाप आहे, त्यांचंही बरोबर नाही.

पाणी मुबलक आहे, पण पाण्यात ताकद नसते

व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा समज झालाय की आपली हवा दमट, मग आपल्याकडे गॅस जास्त निघणार. थांबा. मेलबर्नचं यंत्र 4 टक्के आर्द्रतेवर चाललं याचा अर्थच असा की दमटपणा ही अडचण नाही. एक किलो हायड्रोजनला सुमारे 9 लिटर पाणी लागतं. त्या बेल्जियमच्या पॅनलला दिवसाला पाणी लागतं ते जेमतेम एक पेला. तेवढं बाष्प आपल्याकडे खोलीभर हवेत असतं.

ताकद येते ती उन्हातून. पाणी हा नुसता कच्चा माल. आणि आपली गंमत बघा. जून-जुलैत हवेत पाणीच पाणी, पण ऊन गायब, आणि होड्याही बंदीत. ऊन कडक असतं ते मार्च ते मे.

मग हवेतलंच पाणी कशाला, समोर दर्या आहे की! तर खाऱ्या पाण्यातून थेट वीज सोडली की क्लोरिन निघतो आणि यंत्राचे भाग खातो. इलेक्ट्रोलायझरला शुद्ध पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या आपल्या विहिरी मचूळ होतात, टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी हवेतून आपोआप शुद्ध पाणी मिळणं ही खरी सोय. या शोधाचं मोल तिथे आहे, "फुकट इंधन" यात नाही.

आता डिझेलचा हिशेब

250 लिटर गॅस ऐकायला मोठा वाटतो. पण हा गॅस मोकळा, दाबाशिवायचा. त्याचं वजन 21-22 ग्रॅम. त्यातली ताकद विजेच्या भाषेत पाऊण युनिटाहूनही थोडी कमी. एक लिटर डिझेलमध्ये असते सुमारे 10 युनिट. म्हणजे 1 लिटर डिझेलची ताकद दिवसाला मिळवायला बेल्जियममध्ये अशी 14 पॅनलं लागतील.

आपल्याकडे ऊन जास्त. चला, मोठ्या मनाने दुप्पट धरू. मग 7 पॅनलं, जागा सुमारे 11 चौरस मीटर, एक लिटरसाठी.

समजा एखादा ट्रॉलर दिवसाला 100 लिटर डिझेल खातो. त्याला 700 पॅनलं, 1,100 चौरस मीटर. अशा 30 ट्रॉलरची जेटी असेल तर 33,000 चौरस मीटर, म्हणजे आठ एकरांच्या वर. कुणी म्हणेल, फ्युएल सेल डिझेल इंजिनापेक्षा काटकसरीचा असतो. मान्य. डिझेलमधली एक तृतीयांशाच्या आसपास ताकद पंख्यापर्यंत पोचते, फ्युएल सेलमध्ये निम्मी. तो फायदा धरला तरी पाच-साडेपाच एकर राहतात, आणि पॅनलांच्या मधली ये-जा करायची वाट वेगळीच.

आता सांगा, मालीम, कुटबण, शापोरा, तळपण, वास्कोचं खारीवाडा, यातल्या कुठल्या जेटीला लागून पाच एकर मोकळी जागा आहे? जाळी पसरायला जागा मिळत नाही, तारले सुकवायला जागा मिळत नाही, गाडी उलटी फिरवायची तर चौघांना ओरडावं लागतं.

टाकीचा प्रश्न वेगळाच

समजा जागा मिळाली, गॅस झाला. तो होडीवर न्यायचा कसा? 100 लिटर डिझेलची टाकी भरून 84 किलोची होते. तेवढ्याच ताकदीचा हायड्रोजन 30 किलो. वजनाने हलका, पण फुगलेला. मोकळा ठेवला तर साडेतीन लाख लिटरच्या वर जागा व्यापेल. 350 पट दाबाने भरला तरी साडेबाराशे लिटरच्या टाक्या, आणि टाक्यांचं वजन अर्ध्या टनाच्या घरात. फ्युएल सेलचा फायदा धरून एक तृतीयांश कमी करा, तरी बर्फाचा आणि मासळीचा खण गेलाच की! शिवाय एवढा दाब द्यायला कॉम्प्रेसर लागतो आणि तो आपली वीज खातो ती वेगळी.

सुरक्षेचं पण बोलू, कारण जीव आपल्या खलाश्यांचा आहे. स्वयंपाकाचा गॅस जड, गळला की तळाशी साठतो. हायड्रोजन हलका, गळला की वर पळतो. उघड्या डेकवर हे चांगलंच. पण बंद इंजिनघरात तो छताला जमतो. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण 2 ते 10 टक्के असला तर पेट घेतो, हायड्रोजन 4 पासून 75 टक्क्यांपर्यंत. त्याला वास नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. काही जातीचं पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं, त्यामुळे जुना सिलिंडर आणून भरला असला गावठी जुगाड इथे चालणार नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही. जगात हायड्रोजनवर गाड्या चालतात, नियमाने चालतात. पण जो माणूस फोनवर बुकिंग घेतो, तो यातलं एक अक्षर बोलत नाही, हे लक्षात घ्या.

दुसरीकडे काय चाललंय?

नॉर्वेत 'हायड्रा' नावाची गाड्या नेणारी फेरीबोट 2023 पासून द्रवरूप हायड्रोजनवर चालते. पण तिचा गॅस जर्मनीतून टँकरने आणावा लागला. बोट तयार होती, इंधन दारात नव्हतं. आपल्या देशात कोचीन शिपयार्डने 50 प्रवाशांची हायड्रोजन फ्युएल सेलची बोट बांधली, फेब्रुवारी 2024 मध्ये तिचं उद्घाटन झालं. ती वाराणसीला गंगेसाठी, दर्यासाठी नव्हे. त्याच महिन्यात यामाहाने अमेरिकेत मायामीच्या बोट शोमध्ये हायड्रोजन जाळणाऱ्या आउटबोर्डचा नमुना मांडला. नमुना म्हणजे नमुना, दुकानात मिळणारी वस्तू नव्हे.

केंद्राचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालं, 19,744 कोटींचं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन करायचं उद्दिष्ट. त्यात मोठी जहाजं आणि बंदरांसाठीचे प्रायोगिक प्रकल्प आहेत. आपली कॅनो आणि आपला ट्रॉलर त्या चर्चेत कुठे आहे? मला विचाराल तर काळजी इथे करायला हवी.

तिकडे केरळात 'आदित्य' नावाची 75 प्रवाशांची बोट जानेवारी 2017 पासून वैकोमला चालते. छतावर साधी सोलर पॅनलं, खाली बॅटरी. मधे हायड्रोजन नाहीच. हे उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण हिशेब सोपा आहे. 100 भाग ऊन पडलं तर साधं पॅनल सुमारे 20 भाग वीज देतं, बॅटरीतून जाऊन-येऊन त्यातले 17-18 हाती लागतात. हायड्रोजन पॅनल 15 भाग गॅस देतं, फ्युएल सेलमधून त्याचे 7-8 राहतात. म्हणजे तेवढ्याच छपरावर साधं सोलर दुपटीहून जास्त काम करतं. हायड्रोजनचा फायदा एवढाच की तो महिनोन् महिने साठवता येतो, बॅटरीला तेवढं परवडत नाही. बेल्जियमला तो हवा कारण त्यांना उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यात घर गरम करायला वापरायचंय. आपली गरज ती नाही. आपल्याला रात्री दोन वाजता निघायचंय आणि सकाळी परत यायचंय.

मग आपण करायचं काय?

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी" असं व्हायला नको. माझं मत चार मुद्द्यांत मांडतो.

1. बुकिंगचे पैसे कुणीही देऊ नये. होडीवर चालणारं असं पॅनल आज विकत मिळत नाही. सरकारी योजना असेल तर ती खात्याकडून किंवा संस्थेकडून लेखी येते, फोनवरून खात्यात पैसे मागून येत नाही. असा फोन आला तर नंबर आणि वेळ लिहून संस्थेच्या कार्यालयात द्या. घरच्या बायकांनाही सांगून ठेवा, कारण पुरुष दर्यात असताना फोन त्याच घेतात आणि कित्येक घरांत पैशांचा व्यवहार त्यांच्याच हातात असतो.

2. आज जे परवडतं ते आधी करू. लिलाव शेडचं छप्पर दिवसभर तापतंय. त्यावर साधं सोलर बसवून बर्फाचं मशीन आणि शीतकपाट दिवसा चालवता येईल. एक किलोवॅटला साधारण 10 चौरस मीटर छप्पर लागतं आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात, हा सरळ हिशेब कुणीही करू शकतो. उन्हाच्या वेळेला बर्फ पाडून ठेवायचा, रात्री होडीत भरायचा. आपल्या धंद्यात बर्फ हीच बॅटरी आहे. डिझेलचं बिल तेवढ्याने उतरणार नाही, पण बर्फाचं उतरेल, आणि मासळी कमी खराब झाली तर तो पैसा आपलाच.

3. किनाऱ्याजवळ जाणाऱ्या, दोन-तीन तासांत परतणाऱ्या कॅनोंसाठी बॅटरीवरच्या आउटबोर्डची एक चाचणी मागून घेऊ. एकाच होडीवर, एका हंगामासाठी, संस्थेच्या देखरेखीत. भरतीत बार ओलांडताना ताकद पुरते का, खारं पाणी लागून काय होतं, हे आपला तांडेल सांगेल, पत्रक नाही. आणि हायड्रोजनची चाचणी करायची असेल कुठल्या संस्थेला, तर स्वागत आहे. पण आधी जेटीवर करा, खाऱ्या वाऱ्यात. बेल्जियमच्या छपरावर टिकलेलं पॅनल आपल्याकडे गंजतं का, त्या बारीक भोकांत मीठ बसतं का, हे दोन पावसाळे गेल्याशिवाय कळायचं नाही. होडीवर चढवायचं ते त्यानंतर.

4. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागा. वर हिशेब दाखवला तो याचसाठी. उन्हातून इंधन करायचं, मग ते हायड्रोजन असो की वीज, तर पसरायला जमीन लागते. आज ना उद्या कुणीतरी नकाशा घेऊन येईल आणि म्हणेल, ही मोकळी पडलेली जागा हरित ऊर्जेला द्या. त्यांना जी मोकळी दिसते ती आपली वाळवणाची जागा असते, जाळी शिवायची जागा असते, बंदीत होड्या ओढून ठेवायची जागा असते. वर्षातून दोन महिने भरते आणि दहा महिने मोकळी दिसते म्हणून ती बेवारशी होत नाही.

किनारपट्टी नियमन अधिसूचनेप्रमाणे किनारी आराखड्यात मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा दाखवायला हव्यात. आपल्या किती जागा दाखवल्या आहेत, किती सुटल्या आहेत, हे बंदी उठायच्या आत प्रत्येक वाड्यावर बसून तपासायला हवं. जुन्या माणसांना विचारा, कुठे वाळवण व्हायचं, कुठे रापण ओढायची. फोटो काढा, तारीख घाला. कागदावर नाही ती जागा उद्या आपली राहणार नाही. हायड्रोजनवाला येवो, नाहीतर हॉटेलवाला येवो.

विरोध कशाला नाही ते पण सांगतो

काही जण म्हणतील, सचिव नव्या गोष्टींना नकार देतात. तसं नाही. डिझेलने आपलं काय केलंय ते प्रत्येक होडीमालकाला माहीत आहे. मासळी कमी मिळाली तरी टाकी तेवढीच भरावी लागते. सवलतीचा परतावा हातात यायला वाट बघावी लागते, तोवर उधारी. शेवटी वाटणीत खलाश्याचा हिस्सा घटतो आणि तो पुढच्या हंगामाला येत नाही. डिझेलवाचून दर्यात जाता आलं तर ते सगळ्यात आधी आपल्याला हवंय. शिवाय दर्या तापतोय त्याचा फटकाही पहिल्यांदा आपल्याच जाळ्याला बसतो.

म्हणूनच मी म्हणतो की हे तंत्र येताना आपण ग्राहक म्हणून रांगेत उभं राहू नये. दहा-पंधरा वर्षांनी हायड्रोजन खरंच जेटीवर आला, तर भरायचा पंप कुणाचा असेल? बाहेरच्या कंपनीचा, की संस्थेचा? डिझेल पंपाच्या वेळी जिथे संस्थांनी स्वतःचा पंप घेतला तिथे सभासदांना काय फायदा झाला, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. छप्पर संस्थेचं, जागा संस्थेची, तर त्यावर पडणाऱ्या उन्हाचा हिस्साही संस्थेचाच हवा. करार करायची वेळ आली तर जागा भाड्याने द्यायची, विकायची नाही, आणि ठरावाशिवाय सही करायची नाही. आपण आपसात भांडत बसलो तर आयत्या बिळावर नागोबा येऊन बसेल.

सर्वसाधारण सभेपुढे मी दोन विषय ठेवतोय. लिलाव शेडच्या छपरावर साधं सोलर, आणि सामायिक जागांची नोंद. हायड्रोजनचा विषय मुद्दाम ठेवत नाही, कारण त्यावर ठरवण्यासारखं आज काही नाही. पण वरच्या दोन गोष्टी झाल्या तर तो येईल त्या दिवशी आपण तयार असू.

सभेला या. होडीमालक या, खलाशी या, मासळी विकणाऱ्या बायकांनी तर नक्की या, कारण वाळवणाची जागा कुठे होती हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आणि तो व्हिडिओ पुढे पाठवायचाच असेल, तर त्याच्याबरोबर हा हिशेबही पाठवा.

आपला,
सचिव